जोशींचा वाढदिवस

नव्वदच्या दशकात ५ जानेवारीला संगणक सुरू केला, की एखाद्या कचेरीत पडद्यावर इंग्रजीत हुकूम उमटे : ‘हॅपी बर्थडे जोशी’ टाइप करा! तसे टाइप करीपर्यंत यंत्र हटून बसे. हा १९९० साली भारतात आढळलेला ‘जोशी’ व्हायरस.

आमच्या जळगावच्या शाखेत त्याचे नाव निघाले, की काळजात धस्स होई. खातेदारांची शिल्लक त्या डब्यात! धुळ्याहून एस.टी.ने फ्लॉप्या येत, आणि रोगाचीही वाट तीच. फ्लॉपी आत विसरून यंत्र सुरू केले, की तिच्या पहिल्याच कप्प्यात, म्हणजे बूट सेक्टरमध्ये दडलेला जोशी हार्ड डिस्कवर बिऱ्हाड थाटी. तीन कळा एकदम दाबून यंत्र पुन्हा सुरू केले, तरी हा पाहुणा हलत नसे. उपाय साधा होता : वीज पूर्ण बंद करायची, खाचेवर चिकटपट्टी लावलेल्या स्वच्छ फ्लॉपीने यंत्र सुरू करायचे, मग झाडलोट.

त्या जोशींना निदान शुभेच्छाच हव्या होत्या. आज पडद्यावर ‘व्हायरस शिरला आहे, या नंबरवर फोन करा’ असे झळकते, तेव्हा पलीकडच्याला तुमची ठेव हवी असते. फोन करू नका, ओटीपी सांगू नका. यंत्र बंद करा आणि घरातल्या जाणत्या पोराला हाक मारा. घाबरलेला माणूस कुठेही सही करतो, हे मी काउंटरच्या आतून फार वर्षे पाहिले आहे.