दोन ऑक्सिजन

पहाटे ५.३० : सापगाव. भातसा दुथडी वाहतेय. ती आईबरोबर रोपं उपटते, मुठी बांधते. आवणीला बाईचा रोज पाचशे रुपये, वर दुपारचं जेवण. घरची पोर चिखलात उतरली की एक रोज वाचतो.

दुपारी १.०० : पायांना चिखल्या झाल्यात. खोबरेल तेल चोळून ती आत बसते. आता दुसरं काम. संशोधनाची फेलोशिप, महिना ३७,००० रुपये. मागच्या महिन्याची अजून यायची आहे.

१.४५ : लॅपटॉपवर गरुड तारकासमूहातला एनजीसी ६७७८. म्हाताऱ्या ताऱ्याने झटकलेल्या वायूचा ग्रहीय तेजोमेघ. मधोमध दोन तारे; पावणेचार तासांच्या आत एकमेकांभोवती फेरी पुरी करतात. वर्णपट चिलीतल्या व्हीएलटी दुर्बिणीचा, संग्रहातून फुकट मिळालेला. पैसे जातात ते मोबाइलच्या डेटाला.

२.३० : रेघा मोजायच्या. प्रत्येक रेघेची दोन्हीकडची पातळी ठरवायची, मग मधलं क्षेत्रफळ काढायचं. ऑक्सिजनची ५००७ अँगस्ट्रॉमची रेघ उंच, लगेच होते. ४६४९ची बारीक, शेजारणींत मिसळलेली. तास तिच्यावरच जातो. खरी मेहनत इथेच आहे.

३.५० : वीज गेली. बॅटरी अर्ध्यावर. पडद्याचा उजेड कमी करून काम चालू.

४.४० : ऑक्सिजनच्याच ४३६३ आणि ५००७ या रेघांच्या गुणोत्तरातून तापमान निघतं, त्यावरून ऑक्सिजनचं प्रमाण. मग तोच ऑक्सिजन ४६४९वरून. दुसरा आकडा पहिल्याच्या सुमारे वीसपट! ही चूक नव्हे. २०१६ साली छापून आलेल्या मोजणीतही असंच निघालं होतं. एरवी हा फरक दुप्पट-तिप्पट असतो. मधल्या ताऱ्यांची जोडी अगदी जवळची असली की अनेकदा फार वाढतो. एबेल ४६ या तेजोमेघात तर शंभरपटीच्या वर. आत थंड, ऑक्सिजनने भरलेला वायू वेगळा असावा. ४६४९ त्याची खबर देते, ५००७ गरम वायूची. तो थंड वायू आला कुठून, हे अजून कुणाला नक्की सांगता आलेलं नाही.

६.१५ : वीज आली. आई चहा ठेवते.
"निघाला का गं तुझा ऑक्सिजन?"
"दोन निघाले."
"मग खरा कुठला?"
"दोन्ही खरे असतील, आई. जागा वेगळ्या."

७.०० : वाटेतल्या धुळीने निळा प्रकाश किती खाल्ला, तो हिशोब तिने एकाच सूत्राने केलाय. दुसऱ्या सूत्राने केला तर वीसपटीचा आकडा थोडा हलेल. ती वहीत लिहून ठेवते : उद्या, जेवणानंतर.