ऑपरेशन कोणाकडे करायचं?

स्तनातल्या गाठीचा बायॉप्सी रिपोर्ट हातात आला की घरात एकच प्रश्न फिरू लागतो: ऑपरेशन कोणाकडे करायचं? माझ्या थोरल्या बहिणीचा रिपोर्ट कराडला आला, त्या संध्याकाळी चुलत्यांपासून शेजारच्या काकूंपर्यंत प्रत्येकाकडे एक नाव तयार होतं. कोणाच्या हाताला यश होतं, कोणी ओळखीतल्या बाईंचं पित्ताशय सहज काढून दिलं होतं, कोणी रात्री-अपरात्रीही फोन उचलत होते. सुचवणाऱ्यांचा जीव तुटत होता आणि ती नावंही भल्या माणसांची होती. तरीही त्या सगळ्यातून गेल्यावर मला ठामपणे वाटतं, की कॅन्सरचा सर्जन पारखायचा तो ऑपरेशनच्या आधी तो काय काय मागतो आणि कोणाकोणाला विचारतो यावरून.

सुरुवात गावातल्याच एका नावाजलेल्या जनरल सर्जनपासून झाली. त्यांनी ताईला तपासलं, धीर दिला आणि म्हणाले, “परवा टेबलावर घेऊ. पूर्ण काढून टाकू, म्हणजे पुढे डोक्याला ताप नको.” हे ते भावोजींना आणि भाच्याला सांगत होते. ताई मधल्या खुर्चीत बसून दोघांच्या चेहऱ्यांकडे आळीपाळीने बघत होती. रिपोर्टात कॅन्सरचा प्रकार आणि ग्रेड लिहिलेली होती. ईआर, पीआर आणि हर-टू या चाचण्यांचा निकाल अजून यायचा होता. “तो नंतर बघता येईल,” असं उत्तर मिळालं.

मला खटकलं ते हे ‘नंतर’. स्तनाचा कॅन्सर म्हणजे एकच एक आजार नाही. हार्मोनवर पोसला जाणारा वेगळा, हर-टू हे प्रथिन जास्त असलेला वेगळा, आणि या तिन्ही चाचण्या निगेटिव्ह येणारा आणखी वेगळा. कोणाला आधी ऑपरेशन लागेल आणि कोणाला आधी केमो, हे बऱ्याच अंशी या निकालावर ठरतं. तो येण्याआधीच तारीख देणारा सर्जन कितीही कुशल असला, तरी अर्ध्या माहितीवर निर्णय घेत असतो. आपल्याकडे तर कित्येकदा सुईची बायॉप्सीही न करता ‘साधी गाठ दिसतेय’ म्हणून ती कापून काढतात, आणि कॅन्सर निघाल्यावर त्या बाईला दुसऱ्यांदा टेबलावर जावं लागतं. पहिला छेद भलत्या दिशेने गेलेला असतो, काढलेल्या तुकड्याची कुठली बाजू वरची आणि कुठली आतली याची खूण नसते. पुढच्या सर्जनला मग अंदाजाने काम करावं लागतं.

घाईची भीती खोटी नसते. ‘कॅन्सर’ हा शब्द कानावर पडल्यापासून घरात कोणी धड जेवत नव्हतं. पण हाताला लागण्याएवढी गाठ सहसा एका महिन्यात झालेली नसते, तिच्या वाढीत बहुधा काही वर्षं गेलेली असतात. तपासण्या पुऱ्या करण्यात आणि दुसरं मत घेण्यात दोन-तीन आठवडे गेले म्हणून सहसा बिघडत नाही. महिनोन् महिने घालवले तर मात्र नक्की बिघडतं. हा फरक भावोजींना पटवायला मला बराच वेळ लागला.

‘पूर्ण काढून टाकू’ या सल्ल्यालाही मोठा इतिहास आहे. अमेरिकेतले विल्यम हाल्स्टेड 19व्या शतकाच्या अखेरीस स्तनाबरोबर छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठीही काढत असत. जितकं जास्त कापू तितका आजार मुळापासून जाईल, ही त्यामागची समजूत जवळपास पाऊण शतक टिकली. मग इटलीत उंबेर्तो वेरोनेसी आणि अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांनी 1970च्या दशकात हजारो स्त्रियांना घेऊन ती तपासायला सुरुवात केली. दोघांचे 20 वर्षांचे निष्कर्ष 2002 मध्ये एकाच नियतकालिकाच्या एकाच अंकात आले. लहान गाठींच्या बाबतीत फक्त गाठ काढून रेडिएशन दिलं काय किंवा स्तन काढला काय, जगण्याचं प्रमाण सारखंच राहिलं. याला आता दोन दशकं उलटून गेली, तरी किती बायकांना हे पर्याय शेजारी-शेजारी ठेवून दाखवले जातात? काहींना स्तन काढणंच योग्य असतं, काही जणी समजून-उमजून तेच निवडतात, आणि त्याबद्दल मला काहीच म्हणायचं नाही. पण निवड तिची असायला हवी, आणि त्यासाठी ती तिच्यापुढे मांडलेली असायला हवी.

दुसऱ्या मतासाठी पुण्याला ज्या मॅडमना आम्ही भेटलो, त्यांच्याकडचं तपासणं पाहण्यासारखं होतं. सर्जिकल ऑन्कॉलॉजीत एमसीएच केलेल्या आणि गेली काही वर्षं फक्त स्तनाच्याच शस्त्रक्रिया करणाऱ्या. त्यांनी आधी ताईला बसवलं आणि हात न लावता नुसतं पाहिलं. हात खाली, हात डोक्यावर, मग कमरेवर हात घट्ट दाबून. कातडी कुठे ओढली जातेय का, बोंड आत वळलंय का, हे अशा हालचालीत दिसतं. मग झोपवून आधी चांगली बाजू तपासली. “तुमचा नेहमीचा पोत कळला की वेगळं काय ते बोटांना समजतं,” त्या ताईला म्हणाल्या. बोटांची टोकं न रुतवता सपाट बाजूने, एकेक भाग करत. काख तपासताना ताईच्या कोपराचा भार स्वतःच्या हातावर घेतला, म्हणजे काखेचे स्नायू सैल पडतात. त्यानंतर गळपट्टीच्या हाडाच्या वरची जागा. शेवटी पट्टीने गाठ मोजली, 3 सेंटिमीटरच्या थोडी वर, आणि फायलीत स्तनाचं चित्र काढून ती कुठे आहे ते आखलं. काखेत एक गाठ हाताला लागत होती. तिची सुईने तपासणी लगेच लिहून दिली.

मग त्यांनी आपली खुर्ची ताईसमोर ओढली आणि विचारलं, “तुम्ही दिवसभर काय काम करता?”

ताई शिवणकाम करते. उजवा हात चालला नाही तर तिचं घरातलं स्थानच हलतं, असं तिला वाटतं. मॅडमनी ते लिहून घेतलं. काखेतल्या सगळ्या गाठी काढल्या तर हाताला कायमची सूज येण्याचा धोका वाढतो. निळा रंग किंवा किरणोत्सर्गी द्रव्य टोचून पहिल्या काही गाठी ओळखायच्या आणि तेवढ्याच काढून तपासायच्या, अशी पद्धत आता आहे. ती ताईच्या बाबतीत वापरता येईल का हे पुढे ठरेल, असं त्यांनी सांगितलं. भावोजींनी मध्ये काही विचारलं, त्याचं उत्तरही त्यांनी ताईकडे बघूनच दिलं.

डॉक्टरांना ‘तुम्ही अशी ऑपरेशनं किती करता?’ असं विचारणं आपल्याकडे उद्धटपणाचं समजलं जातं. तो प्रश्न ताईनेच विचारला आणि मला तिचा फार अभिमान वाटला. प्रश्न अगदी रास्त आहे. युरोपातल्या स्तनतज्ज्ञांच्या संघटनेने एका सर्जनने वर्षाला निदान 50 नव्या रुग्णांवर शस्त्रक्रिया करावी, असा निकष ठेवला आहे. पश्चिम स्कॉटलंडमधल्या 3,786 रुग्णांच्या नोंदींवरून 1996 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात विशेषज्ञ सर्जनांकडे गेलेल्या स्त्रियांचं पाच वर्षं जगण्याचं प्रमाण इतरांपेक्षा 9 टक्क्यांनी जास्त होतं. हा फरक नुसत्या हातोटीने पडत असेल असं मला वाटत नाही. जो रोज हेच काम करतो, त्याच्या आजूबाजूला पॅथॉलॉजिस्ट, केमोचे आणि रेडिएशनचे डॉक्टर असतात, आणि तो त्यांचं ऐकतो. मॅडमना प्रश्नाचा राग आला नाही. आकडा सांगून त्या म्हणाल्या, “आणि हेही विचारा, की तुमची केस मी एकटी ठरवणार का. तर नाही. गुरुवारी आम्ही सगळे बसतो, तिथे ठेवीन.”

त्या बैठकीपर्यंत निकाल आला: हर-टू पॉझिटिव्ह. काखेतल्या गाठीतही कॅन्सरच्या पेशी होत्या. बैठकीने आधी केमो आणि हर-टूवरचं औषध, मग ऑपरेशन, असा क्रम ठरवला. ज्यांच्याकडून ऑपरेशन करून घ्यायला आलो, त्यांनीच ते चार-पाच महिने पुढे ढकलल्यावर भावोजी अस्वस्थ झाले. मॅडमनी कागदावर लिहून समजावलं. गाठ शरीरात असताना औषध दिलं तर ती विरघळतेय की नाही हे दिसतं. पूर्ण विरघळली तर तेच औषध पुढे चालू राहतं. काही शिल्लक राहिली तर ऑपरेशननंतर दुसरं, जास्त प्रभावी औषध देता येतं. आधीच काढून टाकली, तर औषध लागू पडतंय का हे कळण्याची संधी कायमची जाते. शिवाय गाठ लहान झाली तर स्तन वाचवता येतो. परवाच्या तारखेला होकार दिला असता तर आम्ही काय गमावलं असतं, ते मला तेव्हा कळलं.

केमो सुरू होण्याआधी सोनोग्राफीखाली गाठीत धातूची बारीकशी क्लिप बसवली. गाठ नाहीशी झाली, तर सर्जनने नेमकं कुठलं काढायचं? त्यासाठी ही खूण. केमो आधी देण्याचं ठरलेलं असूनही क्लिपचं नाव कोणी काढलं नाही, तर रुग्णाने आपणहून विचारावं.

सगळ्यांना पुणं-मुंबई जमतं असं नाही, आणि दरवेळी त्याची गरजही नसते. परळचं टाटा रुग्णालय 1941 पासून आहे, आणि तिथली गर्दीही सगळ्यांना ठाऊक आहे. पण बार्शीसारख्या गावातही कॅन्सरचं रुग्णालय कित्येक दशकं चाललं आहे. सल्ला मोठ्या केंद्रातून घ्यायचा आणि केमो किंवा रेडिएशन घराजवळ, असं पुष्कळदा करता येतं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ते रुग्णालय बसतं का, हे पहिल्याच भेटीत विचारून घ्यावं. रेडिएशनचं केंद्र किती लांब आहे, हा प्रश्न तर सर्जन निवडतानाच यायला हवा, कारण स्तन ठेवायचा तर बहुतेक वेळा रेडिएशन घ्यावंच लागतं. तीन आठवडे रोज जाणं जमणार नाही म्हणून स्तन गमावलेल्या बायका मला केमोच्या वॉर्डात भेटल्या.

ताईची गाठ केमोने इतकी आटली, की तपासताना ती बोटांना लागेना. ऑपरेशनच्या दिवशी क्लिपच्या भोवतीचा भाग काढला. त्या तुकड्याला मॅडमनी दोन टाके घातले होते: आखूड वरच्या बाजूला, लांब बाहेरच्या बाजूला, म्हणजे पॅथॉलॉजिस्टला दिशा कळते. काखेतल्या मोजक्याच गाठी काढाव्या लागल्या. रिपोर्ट आला तेव्हा आम्ही दोघींनी ओळ न् ओळ वाचली: कडा मोकळ्या आहेत का, गाठी किती काढल्या आणि किती बाधित, शिल्लक कॅन्सर किती. कडा मोकळ्या होत्या, गाठींत काही नव्हतं, स्तनात काही मिलिमीटर शिल्लक होतं. त्यामुळे औषध बदललं, आणि रेडिएशन मिरजेला घ्यायचं ठरलं, म्हणजे तिला रोज रात्री घरी परतता येईल.