बेझियन जाळ्यांच्या रचनेतील काही नेहमीच्या अडचणी : जामच्या चौरस्त्यावरील एक भाषिक उदाहरण

बोलींच्या अभ्यासकास संख्याशास्त्राचे साहाय्य घ्यावे लागणे ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. एखाद्या गावी ‘मला’ आणि ‘मले’ ही दोन्ही रूपे ऐकू येतात, एवढे नोंदवून आज कोणाचे समाधान होत नाही. कोण, कोणत्या वयाचा, किती शिकलेला, कोणाशी बोलताना कोणते रूप योजतो, आणि यांपैकी एक गोष्ट ठाऊक असता दुसरीविषयी कितपत खात्रीने सांगता येईल, असे प्रश्न पुढे येतात. अशा प्रश्नांसाठी संगणकावरील बेझियन जाळे हे एक उपयुक्त साधन आहे. तथापि ते हाती घेणाऱ्या विद्यार्थ्यांस त्याच त्या अडचणी पुनःपुन्हा येतात, असा प्रस्तुत लेखकाचा अनुभव आहे. त्या अडचणींचे स्वरूप व त्यांवरील उपाय यांचा विचार येथे करावयाचा आहे.

१. उदाहरणाची मांडणी

वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यातील जाम हे गाव चौरस्त्यासाठी प्रसिद्ध आहे. उत्तरेकडून नागपूरचा महामार्ग येतो व हिंगणघाटावरून हैदराबादेकडे जातो. वरोरा-चंद्रपूरचा रस्ता येथूनच फुटतो. भाषेच्या दृष्टीनेही ही जागा मोक्याची आहे. पश्चिमेस वऱ्हाडीचा प्रदेश, उत्तरेस नागपुरी, आणि पूर्वेच्या जिल्ह्यांत झाडीबोली. प्रमाण मराठीतील ‘डोळा’ हा शब्द वऱ्हाडीत ‘डोया’, तर झाडीबोलीत ‘डोरा’ असा उच्चारला जातो. ‘मला’ या रूपाऐवजी ‘मले’ म्हणणे हे तर विदर्भाच्या फार मोठ्या भागाचे लक्षण होय. ग्रिअर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ साली निघाला. १९६० नंतरच्या दशकात डॉ. अ. मा. घाटगे यांनी मराठी बोलींच्या सर्वेक्षणाची माला सुरू केली. या परंपरेने बोलींची वर्णने दिली. चौरस्त्यावरील माणूस मात्र एकाच वर्णनात बसत नाही, आणि म्हणूनच संभाव्यतेची भाषा वापरावी लागते.

समजा, आपण पाच गोष्टी नोंदविल्या : वक्त्याची पिढी, शिक्षण, व्यापारानिमित्त होणारा प्रवास, बोलण्याचा प्रसंग, आणि त्याने योजिलेले रूप. यांतील प्रत्येक गोष्ट म्हणजे जाळ्यातील एक चल. एका चलाचा दुसऱ्यावर साक्षात परिणाम होतो असे आपण मानत असू, तर पहिल्यापासून दुसऱ्याकडे बाण काढावयाचा. ज्याच्यापासून बाण निघतो तो जनक. प्रत्येक चलास एक कोष्टक असते. जनकांच्या अवस्थांचा अमुक एक मेळ असता या चलाच्या निरनिराळ्या अवस्थांची संभाव्यता किती, हे त्यात लिहिलेले असते. मग एखादी गोष्ट ‘पुरावा’ म्हणून दिली की उरलेल्या सर्व चलांच्या संभाव्यता यंत्र नव्याने काढून देते. या गणिताचे मूळ टॉमस बेझ यांच्या निबंधात आहे. तो त्यांच्या मृत्यूनंतर १७६३ साली प्रसिद्ध झाला. जाळ्याचे नाव व त्याची आजची घडण मात्र ज्यूडिया पर्ल यांची, १९८५ ते १९८८ या काळातील. ह्यूगिन, नेटिका, जीनी, तसेच आर भाषेतील बीएनलर्न या आज्ञावल्या आज वापरात आहेत. पुढे दिलेल्या अडचणी त्यांपैकी कोणत्याही एकीच्या नव्हेत. त्या पद्धतीच्याच आहेत. पुढील आकडेही केवळ समजुतीसाठी मानलेले आहेत.

२. यंत्र ज्या चुका बोलून दाखवते

काही चुका आज्ञावली स्वतःच दाखवून देते. कोष्टकातील एका स्तंभाची बेरीज एक येत नसेल तर ती अडते. बाणांचे चक्र झाले तरीही अडते. विद्यार्थी घरच्या भाषेपासून शाळेतील भाषेकडे बाण काढतो आणि, मूल शाळेतले शब्द घरी आणते म्हणून, उलटाही काढतो. त्याचे निरीक्षण खरे आहे. चुकते ते एवढेच की निरनिराळ्या काळांतील दोन गोष्टी त्याने एका नावाखाली घातल्या. ‘पहिलीतील घरची भाषा’, ‘पहिलीतील शाळेची भाषा’, ‘पाचवीतील घरची भाषा’ असे वेगळे चल केले की चक्र आपोआप सुटते. बाण पुढच्या काळाकडेच जातात.

याहून त्रासदायक चूक लिपीची आहे. नोंदवहीत आपल्याला एकच दिसणारे अक्षर संगणकात दोन प्रकारांनी साठविलेले असू शकते. ‘ऱ’ हे अक्षर एका संकेताचे असते, किंवा ‘र’ आणि खालचा नुक्ता अशा दोन संकेतांचेही असते. ‘मले’ या शब्दानंतर चुकून एक मोकळी जागा राहिली तरी यंत्रास तो निराळा शब्द वाटतो. परिणामी दोन अवस्थांच्या चलास तीन-चार अवस्था फुटतात व मोजणी विभागली जाते. यावर उपाय सोपा आहे : जाळे बांधण्यापूर्वी प्रत्येक चलाच्या अवस्थांची यादी छापून पाहावी, आणि सर्व नोंदी एका संकेतपद्धतीत आणून घ्याव्यात.

३. शून्य आणि मौन

समजा, अशिक्षित वृद्ध वक्त्यांच्या कचेरीतील बोलण्याच्या चार नोंदी आहेत आणि चारही ‘मले’ अशा आहेत. केवळ मोजणीवरून कोष्टक भरले तर ‘मला’ची संभाव्यता शून्य ठरते. पुढे एखाद्या आजोबांनी कचेरीत ‘मला’ म्हटले की हा पुरावा अशक्य आहे असे सांगून यंत्र थांबते. चार वेळा ऐकू आले नाही, याचा अर्थ कधीच ऐकू येणार नाही असा होत नाही. येथे हॅरल्ड जेफ्रीज यांची सूचना उपयोगी पडते : प्रत्येक अवस्थेच्या मोजणीत आरंभीच अर्धा मिळवावा. मग ‘मले’ची संभाव्यता साडेचार भागिले पाच, म्हणजे ०.९, आणि ‘मला’ची ०.१ येते. कोल्हापूरचे व पुढे पुणे विद्यापीठात संख्याशास्त्राचे अध्यापन करणारे वसंत शंकर हुजूरबाजार हे केंब्रिजला याच जेफ्रीज यांचे शिष्य होते, हे येथे सांगणे अप्रस्तुत होऊ नये. अर्थात जे शून्य तर्कानेच शून्य आहे ते तसेच ठेवावे. 

तथापि या उपायातून दुसरा धोका उत्पन्न होतो. ज्या स्तंभाची एकही नोंद नाही, तेथे अर्धा व अर्धा मिळवून ‘मला’ ०.५ व ‘मले’ ०.५ असे उत्तर येते. वाचणाऱ्यास वाटते की तेथे दोन्ही रूपे सारखीच चालतात. वस्तुतः ते उत्तर नव्हे. ते मौन आहे. म्हणून प्रत्येक स्तंभाशेजारी तो किती नोंदींवरून भरला हे लिहून ठेवण्याचा नियम आम्ही विद्यार्थ्यांस घालून दिला आहे.

असे मौन किती झपाट्याने वाढते ते पाहावे. एका चलास पाच जनक असतील व प्रत्येकास तीन अवस्था असतील, तर कोष्टकास २४३ स्तंभ लागतात. हाती दोनशे संभाषणे असली तर स्तंभच नोंदींपेक्षा अधिक होतात. अशा वेळी जनक कमी करावेत, अथवा मध्ये एक अर्थपूर्ण चल घालावा. पिढी, शिक्षण आणि प्रवास हे तीन जनक ‘प्रमाणभाषेचा सराव’ या तीन अवस्थांच्या चलास जोडले, आणि तो चल उरलेल्या दोन जनकांसह रूपाशी जोडला, तर सत्तावीस व सत्तावीस मिळून ५४ स्तंभांत काम भागते. मात्र हा मधला चल प्रत्यक्ष पारखता येण्याजोगा असावा. केवळ गणित सोपे व्हावे म्हणून घातलेल्या चलाचा अर्थ पुढे कोणासच सांगता येत नाही.

४. यंत्र ज्या चुकांबद्दल गप्प राहते

आतापर्यंतच्या चुका कोठे ना कोठे दिसून येतात. ज्या दिसत नाहीत त्याच अधिक घातक होत.

पहिली चूक स्तंभांच्या क्रमाची. दुसरीकडे तयार केलेले कोष्टक आज्ञावलीत उतरवताना काही आज्ञावल्या शेवटच्या जनकाच्या अवस्था आधी पालटतात, तर काही पहिल्याच्या. सर्व बेरजा बरोबर एक येतात, आणि तरीही शिक्षितांचे आकडे अशिक्षितांच्या नावे पडतात. दुसरी चूक बाणांच्या दिशेची. नोंदींवरून जाळे शिकण्याचे काम यंत्रावर सोपविले तर कधी ते ‘मले’ या रूपापासून पिढीकडे बाण काढते. ‘मले’ म्हटल्याने कोणी वृद्ध होत नाही! परंतु दोनच चल असता दोन्ही दिशांचे बाण नोंदींशी सारखेच जुळतात. निवड करण्यास यंत्रापाशी आधार नसतो. वक्त्याची पिढी आधी, शिक्षण नंतर, उच्चार शेवटी, हा क्रम आपणच त्यास सांगावा लागतो. तशी सोय बहुतेक आज्ञावल्यांत असते.

तिसरी चूक सर्वांत गंभीर, आणि ती आमच्या स्वतःच्या पहिल्या आराखड्यात होती. नोंदी सोयीने मिळाव्यात म्हणून त्या जामच्या चौकात, बसची वाट पाहणाऱ्यांकडून घ्याव्यात असे आम्ही योजिले होते. त्याचा परिणाम असा. समजा, परिसरातील शंभर माणसांपैकी पन्नास शिकलेली आहेत, पन्नास कापसाच्या व्यापारात आहेत, आणि या दोहोंचा परस्पर काहीच संबंध नाही. म्हणजे पंचवीस दोन्ही, पंचवीस केवळ शिकलेली, पंचवीस केवळ व्यापारी, आणि पंचवीस यांपैकी काहीच नाहीत. आता चौकात कोण येणार? ज्यास महाविद्यालयात वा नोकरीवर जावयाचे आहे तो, किंवा ज्यास हिंगणघाटच्या बाजारात जावयाचे आहे तो. शेवटचे पंचवीस घरीच राहिले. उरलेल्या पंचाहत्तरांत व्यापारी पन्नास, त्यांपैकी शिकलेले पंचवीस, म्हणजे निम्मे. व्यापारी नसलेले पंचवीस. ते सर्वच्या सर्व शिकलेले. जो संबंध गावात नव्हता तो चौकात निर्माण झाला. यंत्र व्यापार आणि शिक्षण यांमध्ये बाण काढील, आणि शिकलेली माणसे ‘मला’ अधिक म्हणत असली तर ‘व्यापारी’ हा पुरावा देताच ‘मले’ची संभाव्यता वाढवून दाखवील. यावरून ‘कापसाचा बाजार बोली राखतो व शाळा ती मोडते’ असा भारदस्त निष्कर्ष छापून निघाला असता. त्याचा अर्धा भाग चौकातील गर्दीने रचलेला असता.

या चुकीवर कोष्टकात उपाय नाही. ‘चौकातील उपस्थिती’ हा चल जाळ्यात घालून चूक कोठे आहे हे फार तर दाखविता येते. जी माणसे नोंदलीच गेली नाहीत, त्यांचे बोलणे त्यातून परत मिळत नाही. त्यासाठी महामार्ग सोडून गावातील गल्ल्यांत, अंगणात, शेताच्या धुऱ्यावर जावे लागते. पुढील आराखडा आम्ही तसा बदलला.

५. तपासणीचा क्रम

अडचण आली असता पुढील क्रम सोयीचा वाटतो. प्रथम कोणताही पुरावा न देता प्रत्येक चलाची संभाव्यता पाहावी व ती नोंदींतील सरळ मोजणीशी ताडून पाहावी. क्रमाच्या व लिपीच्या चुका येथेच उघड होतात. नंतर एकेका जनकास एकेक अवस्था देऊन रूपावरील परिणाम अपेक्षित दिशेने होतो की नाही ते पाहावे. मग रूप पुरावा म्हणून देऊन उलट प्रश्न विचारावा. त्यानंतर काही नोंदी बाजूस ठेवून त्यांचे भाकीत जाळ्याकडून करवावे. यंत्रास उत्तर देण्यास फार वेळ लागू लागला तर चल व बाण कमी करावेत. मोठ्या जाळ्यांत अचूक गणित करणे सर्वसाधारणपणे अत्यंत दुष्कर आहे हे कूपर यांनी १९९० साली सिद्ध केले आहे, तेव्हा तो दोष संगणकाचा मानू नये. आणि शेवटी, ज्याचे उत्तर गावातील कोणाही जाणत्या माणसास ठाऊक आहे असा एखादा प्रश्न जाळ्यास विचारावा. तेथे ते चुकले तर इतर उत्तरांवर विसंबू नये.

बेझियन जाळे आपल्या अज्ञानाचा हिशेब ठेवण्याचे साधन आहे. ते अज्ञान झाकण्यासाठी वापरले जाऊ नये. आज बोलींविषयीच्या विधानांवरून शाळेतील वाचनाची पुस्तके कोणत्या भाषेत असावीत याचे निर्णय होतात, आणि एखादी बोली लोपली की जिवंत आहे हेही ठरविले जाते. अशा वेळी ०.५ हा आकडा ऐकून आलेला आहे की न ऐकता आलेला आहे, हे सांगण्याची जबाबदारी यंत्राची नाही, अभ्यासकाची आहे. जामच्या चौकात उभा असलेला माणूस आपल्याशी बोलेलच. जो तेथे आला नाही त्याच्या दारी आपणास जावे लागेल.