कट्ट्यावर जागा तुमचीही!

ग्रुपवर ट्रिपचे फोटो पडतात, तेव्हा कुठे तुम्हाला कळतं की सगळे जाऊन आले. विचारलंत तर उत्तर तयार, ‘अगं, तुला उगाच त्रास नको म्हणून बोललो नाही.’ कॅलिपर लावून चालत असाल, कुबड्या किंवा व्हीलचेअर वापरत असाल, तर हे वाक्य नवं नसेल. बोलणाऱ्याच्या मनात खोट नसते, पण ते लागतंच. मग हळूहळू तुम्हीच आधी सांगून टाकता, ‘तुम्ही जा, मला काम आहे.’

दुसरीकडे कौतुकाचाही ताप. दोन जिने चढून लेक्चरला पोचलात, की कुणीतरी म्हणणार, ‘ग्रेट आहेस यार!’ अरे, लेक्चरला तर सगळेच येतात! मग वाटायला लागतं, काहीतरी भारी करून दाखवलं तरच आपल्याला किंमत.

इथे मुरलीकांत पेटकर आठवा. ‘चंदू चॅम्पियन’ बघितला असेलच. सांगली जिल्ह्यातला हा जवान १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाला. बॉक्सिंग सुटलं, मग पोहणं धरलं. १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण जिंकलं, भारताचं पहिलं. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये. तब्बल ४६ वर्षांनी! मधली कित्येक वर्षं त्यांचं नावही फारसं कुणाला माहीत नव्हतं, म्हणून त्यांची किंमत कमी होती का? नाही ना? मग तुमची तरी टाळ्यांवर का ठरावी? मेडल असो वा नसो.

आणि हो, रॅम्प, तळमजल्यावरचा वर्ग, परीक्षेला लेखनिक किंवा जादा वेळ, हे मागताना ओशाळू नका. गरजेप्रमाणे सोय करून देण्याची जबाबदारी २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं शिक्षणसंस्थांवर टाकली आहे. ते उपकार नव्हेत, हक्क आहे.

मित्रांमध्येही तसंच. पुढच्या वेळी ‘मला काम आहे’ऐवजी सांगून बघा, ‘मी येणार. फक्त गाडी जवळपर्यंत जाईल अशी जागा बघा.’ पहिल्यांदा जीभ अडखळेल. काही जण टाळतीलही. पण जे जागा बदलतील, ते आपले.

आणि कट्ट्यावरच्या बाकीच्यांनो, कुणाला त्रास होईल हे परस्पर ठरवू नका. आधी विचारा तर खरं!