कोसळलेल्या व्हर्च्युअल मशीनचे शेवटचे शब्द

लिनक्सचा कर्नल कोसळतो, तेव्हा सगळ्यात मोलाच्या असतात त्याच्या लॉगच्या शेवटच्या काही ओळी. चूक कुठल्या फंक्शनमध्ये झाली, तिथवर पोचण्याआधी काय काय घडलं, हे त्यांत असतं. आणि नेमक्या त्याच हरवतात, कारण लॉग डिस्कवर लिहिणारी यंत्रणाही कर्नलबरोबरच थांबते.

यासाठी २०११ साली लिनक्समध्ये 'पीस्टोअर' आलं. कोसळताना कर्नल आपले संदेश फर्मवेअरच्या कायमस्वरूपी साठ्यात ठेवतो आणि मशीन पुन्हा सुरू झाल्यावर ते फाइलींच्या रूपात हाती येतात. व्हर्च्युअल मशीनला असा खरा साठा नसतो. पण त्याच्याकडे एक मोठी जमेची बाजू आहे: पाहुणा (म्हणजे व्हर्च्युअल मशीन) कोसळला तरी यजमान (म्हणजे ते ज्यावर चालतं तो संगणक) चालूच असतो. व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या क्यूईएमयू या प्रणालीच्या ७.० आवृत्तीपासून (२०२२) पाहुण्यासाठी असा साठा यजमानावरच्या एका फाइलीत ठेवता येतो.

माझ्या मते सुरुवात मात्र व्हर्च्युअल सीरियल पोर्टपासून करावी. कर्नलचे संदेश त्यातून थेट यजमानाकडे जातात, तिथे फाइलीत साठतात. पाहुण्याच्या डिस्कवर काहीच अवलंबून राहत नाही.

मेमरीची संपूर्ण प्रत हवी असेल तर 'केडम्प'. त्यासाठी थोडी मेमरी आधीच राखून ठेवावी लागते. मुख्य कर्नल कोसळला की तीत दुसरा छोटा कर्नल सुरू होऊन प्रत काढतो. मेमरी मोठी असेल तर याला वेळ लागतो. तेवढ्यात वॉचडॉगने (अडकलेलं मशीन आपोआप रीस्टार्ट करणाऱ्या यंत्रणेने) मशीन रीस्टार्ट केलं, तर प्रत अर्धवट राहते. म्हणून वॉचडॉगची मुदत वाढवा आणि चाचणीच्या मशीनवर कर्नल एकदा मुद्दाम पाडून पाहा.