पिंपळे सौदागरची मोजदाद

पुण्याजवळच्या पिंपळे सौदागरमध्ये आज टोलेजंग सोसायट्या आहेत. शंभर वर्षांपूर्वी ते जिरायती शेतीचं लहानसं खेडं होतं आणि त्याची झाडाझडती घेतली पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी. माती, विहिरी, जनावरं, कर्ज, कुटुंबाची मिळकत असं सगळं नोंदवून १९१७ साली त्यांनी पुस्तक काढलं. जुन्या दप्तरांशी ताडून पाहता १७७१ साली सरासरी ४० एकर असलेली खातेदाराची जमीन १९१५च्या सुमारास ७ एकरांवर आलेली दिसली. तीही सलग नव्हे. १५६ खातेदारांचे ७२९ तुकडे, त्यातले ४६३ एकराच्याही आतले! वाटण्या होताना प्रत्येक भावाला प्रत्येक शेतात हिस्सा हवा असे, त्याचा हा हिशेब.

मान सरकारी नोकर होते, पण त्यांचे आकडे सरकारला सुखावणारे नव्हते. मला त्यांचं मोठेपण इथेच वाटतं.

मोजदादीचा हाच धागा पुढेही चालला. १९३० साली पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था निघाली. तिचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ. त्यांनी वाई तालुक्यातली शेती पाहिली, पुणे शहरही पाहिलं. शहरात घरोघर जाणं अशक्य, म्हणून ठरावीक अंतराने कुटुंबं निवडायची आणि त्यांनाच प्रश्न विचारायचे. शितावरून भाताची परीक्षा, फक्त शीत आपल्या सोयीने उचलायचं नाही. १९५०मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीने हेच तत्त्व देशभर वापरलं. गोखले संस्थेतल्याच दांडेकर आणि रथ या अर्थशास्त्रज्ञांनी १९७१ साली देशातल्या दारिद्र्याचा अंदाज मांडला, तो याच पाहणीतल्या खर्चाच्या आकड्यांवरून.