टेबलावर मांडलेले फोटो

पुण्यात आम्ही काही जण महिन्यातल्या एका रविवारी सकाळी जमतो आणि एकमेकांचे फोटो बघतो. फोनवर नाही, प्रिंट काढून आणायची. फोनवर बोट सरकलं की फोटो गेला. टेबलावर मांडलेल्या प्रिंटपाशी थांबावंच लागतं. ज्याचा फोटो असेल त्यानं, कुणी विचारेपर्यंत, गप्प बसायचं. नियम म्हणावा असा एवढाच.

वारीनंतरच्या बैठकीला एक मुलगी पहिल्यांदाच आली. तिनं दिवे घाट चढणाऱ्या पालखीचे फोटो आणले होते. नीटनेटके, पण तसे दरवर्षी दिसतात. त्यांच्याखाली एक वेगळी प्रिंट निघाली. रस्त्याकडेला बसून पोटरीला तेल चोळणारी वारकरी आजी, आणि डाव्या कडेनं फ्रेममध्ये घुसलेला कुणाचा तरी हात.

आमच्यातल्या एका काकांचं आयुष्य लग्नाचे फोटो काढण्यात गेलं. त्यांच्याकडे काटकोनात कापलेल्या काळ्या पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या असतात. प्रिंटवर त्या मागेपुढे सरकवल्या की क्रॉप केल्यावर फोटो कसा दिसेल ते कळतं. त्यांनी हात झाकला. चौकट एकदम स्वच्छ झाली. कुणीतरी म्हणालं, फ्रेंच फोटोग्राफर कार्तिए-ब्रेसाँला क्रॉप खपत नसे. काका म्हणाले, “डबक्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचा त्याचा १९३२चा फोटो क्रॉप केलेलाच आहे. कुंपणाच्या फटीतून काढलाय, डावीकडची फळी कापावीच लागली.”

मग एकीनं विचारलं, “हात कुणाचा गं?”

“चहा देणाऱ्याचा. कप फ्रेमबाहेर राहिला.”

सगळे पुन्हा वाकले. आजीची नजर त्या हाताकडेच वर गेली होती. हात झाकल्यावर ती नुसतीच कुठेतरी बघत होती. काकांनी पट्टी डावीकडून उचलली आणि वर ठेवली. आजीच्या मागे दिसणारा फ्लेक्स गेला. “हात राहू दे. पुढच्या वेळी अर्धं पाऊल मागे हो.”

मला अशा बैठकीचं मोल वाटतं ते “हात कुणाचा गं?” अशा प्रश्नासाठी. “वा, छान” ऐकून कुणाचा फोटो सुधारत नाही, आणि सगळ्यांदेखत चिरफाड झाली तर नवखा माणूस परत येत नाही. काय दिसतंय ते आधी सांगावं, फोटो काढणाऱ्याला काय दाखवायचं होतं ते विचारावं, आणि मगच सुचवावं. याला वेळ लागतो. दोन तासांत मोजकेच फोटो होतात, पण ते खरोखर बघून होतात.

शेवटी काकांनी आपली प्रिंट त्या मुलीपुढे सरकवली. तिनं बराच वेळ बघितलं. “धोतराला एकही चुणी दिसत नाहीये. नुसतं पांढरं.” काकांनी प्रिंट खिडकीशी नेली, मग लॅपटॉपवर मूळ फाइल उघडली. फाइलमध्ये चुण्या होत्या, प्रिंटमध्ये उडाल्या होत्या. “बरोबर आहे तुझं,” म्हणत त्यांनी लॅबला फोन लावला.